प्लॉट साफ करणं आणि पायाची खोदाई: जेसीबीवाल्याला फोन लावायच्या आधी

घर बांधायचं ठरलं की माणूस आधी एलिव्हेशनचे फोटो बघायला लागतो, मग टाईल्स, मग किचन ट्रॉली, आणि प्लॉट साफ करून खोदाई करणं म्हणजे काय, एक फोन जेसीबीवाल्याला, अर्ध्या दिवसात विषय संपला, असं धरून चालतो. तसं होतही बऱ्याचदा. पण घराला पुढं जी दुखणी लागतात ना, भिंतीला तिरक्या भेगा, फरशी मध्येच बसणं, पावसाळ्यात प्लिंथमधून म्हणजे जोत्यातून ओल वर येणं, त्यातली बरीचशी याच अर्ध्या दिवसात पेरलेली असतात. रंग चुकला तर परत मारता येतो, पाया चुकला तर घर उचलून परत ठेवता येत नाही.

मी इथं मुख्यतः देशावरच्या जमिनीबद्दल लिहितोय, म्हणजे पुणे, नगर, सोलापूर, सातारा, मराठवाडा, जिथं वर काळी माती आणि खाली मुरूम असा मामला असतो. कोकणाचं थोडं वेगळं आहे ते मध्ये येईलच. घर पण साधं धरतोय, एक-दोन मजली बंगला किंवा रो हाऊस टाईप. बेसमेंट वगैरे करणार असाल तर हे पुरेसं नाही, तिथं इंजिनिअर पूर्णवेळ लागतो.

आधी हद्द, मग कुदळ

प्लॉटला तारेचं कंपाऊंड आहे म्हणजे तीच हद्द असं समजू नका. कंपाऊंड कुणी, कधी, कशाच्या भरवशावर घातलं हे बऱ्याच वेळा कुणालाच माहीत नसतं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, मोजणी झाल्यावर हद्दीच्या खुणा आणि ताबा दाखवणारा नकाशा मिळतो त्याला क प्रत म्हणतात, ती हातात असल्याशिवाय मशीन आत घेऊ नका. वेळ लागतो, मान्य, पण शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट कॉलम गेला तर जो वेळ लागतो त्यापुढं हे काहीच नाही.

आणि एक गंमत अशी होते की मोजणी करून दगड रोवतात आणि दुसऱ्या आठवड्यात जेसीबीवाला झाडंझुडपं काढताना तेच दगड उपटून ढिगात टाकतो. ऑपरेटरला काय माहीत कुठला दगड हद्दीचा आणि कुठला बांधावरचा. म्हणून दगडाभोवती थोडं काँक्रीट करून घ्या, वर लाल ऑईलपेंट मारा, आणि प्रत्येक दगडापासून लाईटचा पोल, शेजारच्या घराचा कोपरा अशा न हलणाऱ्या दोन गोष्टींपर्यंतची अंतरं टेपने मोजून वहीत लिहून ठेवा. दोन अंतरं असली की दगड गेला तरी जागा परत सापडते.

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए, बांधकाम परवानगी हे सगळं झालेलं आहे असं धरतो. प्लॉट ओढ्याजवळ नाहीतर नदीकाठी असेल तर पूररेषा बघून घ्या, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत असाल तर खोदाईचा विषयच सोडा. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा. हे मी गमतीने सांगत नाही, गावातला सत्तरीतला माणूस सांगतो की इथं पूर्वी विहीर होती, मग कचरा टाकून बुजवली, किंवा इथून चारी जात होती. ही माहिती कुठल्याच नकाशात नसते, आणि बुजवलेल्या विहिरीवर कॉलम आला की पुढचं सांगायला नको.

झाडं आणि झुडपं

प्लॉट माझा म्हणजे झाड माझं, तोडलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं, असं नसतं. शहर हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिका नाहीतर नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, त्याच्या यादीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन अशी झाडं आहेत. यातलं काही प्लॉटवर असेल तर आधी अर्ज, मग कुऱ्हाड. आणि खरं सांगायचं तर कोपऱ्यात असलेलं आंब्याचं झाड प्लॅन दोन फूट सरकवून वाचत असेल तर वाचवा, नवीन लावून सावली यायला दहा वर्षं जातात.

बाकी झुडपं, म्हणजे वेडी बाभूळ, घाणेरी, बोरी, रुई, गाजर गवत. वेडी बाभूळ नुसती वरून कापली तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटते कारण तिचा फुटवा जमिनीखालच्या गड्ड्यातून येतो, म्हणून बकेटने बुंध्यासकट फूट-दीड फूट खालून उचलायची. मोठ्या झाडाचा बुंधा राहिला आणि वर फरशी आली तर तो आत कुजतो, पोकळी होते, वाळवीला आयतं घर मिळतं आणि फरशी बसते. जिथं घर उभं राहणार तिथं एकही बुंधा, एकही जाड मुळी आत ठेवायची नाही. मुळी काढून जो खड्डा झाला तो मातीने ढकलून मोकळं व्हायचं नाही, मुरूम टाकून ठोकून भरायचा.

गाजर गवत हाताने उपटणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल. अंगाला पुरळ उठतं, काहींना दम्याचा त्रास होतो. फुलं यायच्या आत काढलं तर बी पडत नाही.

साप. वर्षानुवर्षं पडीक प्लॉट, त्यात दगडांचा ढीग आणि वाळलं गवत, म्हणजे नाग, घोणस, मण्यार यापैकी कुणीतरी असणार हे धरूनच चला. चारी बाजूंनी एकदम माणसं आत घालू नका, एका बाजूने सुरुवात करा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा म्हणजे त्याला निघून जायला वाट राहते. दगड हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलटायचा. पायात गमबूट. सर्पमित्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा, साप निघाल्यावर शोधत बसू नका. काढलेला पाला तिथंच पेटवून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ते करू नका, धूर तर होतोच पण वरून तारा जात असतील आणि वारा असेल तर भलतंच होतं. एका कोपऱ्यात ढीग घाला, त्याचं खत होतं.

वरची माती फेकू नका

झुडपं गेली की वरचा सहा ते नऊ इंचाचा थर खरवडून काढायचा. यात मुळ्या, कुजलेला पाला, प्लास्टिक सगळं असतं, घराखाली हा थर चालत नाही. पण हीच माती बागेसाठी सोनं आहे. जेसीबीवाला म्हणतो भरून नेतो फुकट, आणि आपण खूश होतो, आणि वर्षाने तीच माती कुंडीसाठी पोत्याने विकत आणतो. एका बाजूला ढीग घाला, वर ताडपत्री टाका.

ट्रायल पिट, ज्यावर सगळे पैसे वाचवतात

आता मुद्द्याचं. पाया किती खोल जाणार, फुटिंग म्हणजे कॉलमखालचं रुंद काँक्रीटचं बूड किती मोठं, स्टील किती, हे सगळं खाली काय आहे त्यावर ठरतं, आणि आपल्याकडे बहुतेक घरांचं डिझाईन खाली काय आहे ते न बघताच होतं. शेजारच्याला पाच फुटावर मुरूम लागला ना मग तुम्हालाही लागेल. लागतो पण, आणि कधी कधी नाही पण लागत. एकाच प्लॉटच्या एका कोपऱ्यात चार फुटावर कडक मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात नऊ फुटापर्यंत नुसती काळी, हे आपल्याकडे अगदी कॉमन आहे.

म्हणून स्ट्रक्चरल डिझाईन व्हायच्या आधी प्लॉटवर दोन-तीन जागी खड्डे मारून बघा, ट्रायल पिट म्हणतात ते हेच. जेसीबीला एक-दीड तासाचं काम आहे. जिथं कॉलम येणार नेमकं तिथंच मारू नका, थोडं बाजूला मारा. इंजिनिअरला त्याच वेळी बोलवा. खड्ड्याच्या बाजू बघितल्या की थर सरळ दिसतात: वर काळी भुसभुशीत, मग काळी चिकट, मग पिवळट पांढरट चुनखडीच्या खड्यांची माती, मग मऊ मुरूम, तो हातात घेऊन चोळला की भुगा होतो, मग कडक मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कडक मुरूम ओळखायची साधी खूण, पहार दोन्ही हातांनी उचलून सोडा, मऊ असेल तर रुतून उभी राहते, कडक असेल तर खणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. ही खूण फक्त तुमच्या अंदाजासाठी हं, आकडा इंजिनिअरने ठरवायचा, शंका असेल तर माती तपासून भारक्षमता काढून घ्यायची, एसबीसी म्हणतात ते. अख्ख्या घराच्या खर्चात या टेस्टचा खर्च दिसत पण नाही.

खड्डा रात्रभर उघडा ठेवून सकाळी बघा पाणी आलंय का. मे महिन्यात कोरडा दिसणारा खड्डा भाद्रपदात अर्धा भरलेला असतो, त्यामुळे शेजारच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर किती वर येतं ते पण विचारून घ्या. बघून झालं की खड्डा बुजवा नाहीतर नीट अडवून ठेवा.

काळ्या मातीचं दुखणं

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्यात हात जातो, तीच माती तुमच्या फुटिंगखाली असेल तर दर वर्षी घर थोडं वर, थोडं खाली, आणि सगळीकडे सारखं नाही, म्हणून तर भिंतीला तिरकी भेग जाते. यावर पहिला उपाय एकच, काळी पूर्ण पार करून मुरमावर जायचं. मुरूम फार खोल असेल, म्हणजे दहा-बारा फूट तरी काळीच, तर उघडे खड्डे मारत बसण्यापेक्षा इंजिनिअर अंडर-रीम्ड पाईल सुचवेल, म्हणजे गोल भोक मारून तळाशी फुगवटा केलेले पाईल, रुरकीच्या सीबीआरआय संस्थेने ही पद्धत आपल्या काळ्या मातीसाठीच बसवली. घाबरू नका, ती काही मोठ्या बिल्डिंगचीच गोष्ट नाही.

आणि खोदलेली काळी माती परत फुटिंगच्या बाजूने भरायची नाही, प्लिंथमध्ये तर अजिबात नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो कारण माती तिथंच पडलेली असते आणि मुरूम विकत आणायचा असतो.

ब्रासचा हिशोब

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हे एवढं डोक्यात ठेवलं तर जेसीबीवाला, डंपरवाला, मुरूमवाला, तिघांशी बोलताना तुम्ही गप्प बसणार नाही.

उदाहरण घ्या. ३० बाय ४० चं घर, १२ कॉलम, फुटिंग ५ बाय ५, खड्डा कामाला जागा राहावी म्हणून ६ बाय ६, खोली ५ फूट. एका खड्ड्याचे १८० घनफूट, बाराचे २१६०, म्हणजे २१.६ ब्रास. पण माती बाहेर आली की फुगते, साधारण २५ टक्के धरा, म्हणजे ढीग होणार २७ ब्रासचा. एवढा ढीग प्लॉटवर कुठं ठेवणार ते आधी ठरवा. १५०० स्क्वेअर फुटाच्या प्लॉटवर तो मावतच नाही, म्हणजे बाहेर न्यावा लागणार, म्हणजे डंपरच्या खेपा.

आता उलटा हिशोब. प्लिंथ जमिनीपासून अडीच फूट वर, त्यात वरचा एक फूट सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसीचा (बिनसळईचं साधं काँक्रीट), म्हणजे दीड फूट भराव. १२०० गुणिले दीड म्हणजे १८ ब्रास. वरचा नऊ इंचाचा थर आपण काढला होता, त्याचे आणखी ९. नुसत्या प्लिंथला एकूण २७ ब्रास ठोकलेला मुरूम पाहिजे, सुटा मागवताना ३३-३४ ब्रास धरा, फुटिंगच्या बाजूने भरायचा तो वेगळा. लोक नऊ इंच विसरतात आणि मग कॉन्ट्रॅक्टर मुरूम जास्त मागतोय म्हणून भांडतात.

डंपरमध्ये किती ब्रास ते ड्रायव्हर सांगेल त्यावर जाऊ नका, हौद्याची लांबी रुंदी उंची टेपने घ्या, गुणाकार करा, शंभरने भागा. शिग लावून भरली का सपाट, तेही बघा. दोन खेपा मोजल्या की पुढच्या आपोआप नीट येतात.

मुरूम, माती, दगड हे सगळं सरकारी भाषेत गौण खनिज आहे. बाहेरून मुरूम आणला तर गाडीबरोबर वाहतूक पास असला पाहिजे, आता महाखनिज या सरकारी ऑनलाईन सिस्टीमवरून निघतो. पास नसलेली गाडी पकडली तर महसूलवाले गाडी जप्त करतात आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावता येतो, आणि मग गाडीवाला तुमच्याकडे बोट दाखवतो. पायासाठी खोदलेली माती त्याच प्लॉटवर परत वापरली तर त्यावर सरसकट रॉयल्टी लावता येत नाही असा २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पण माती बाहेर नेणार असाल तर तहसील कार्यालयात विचारून घ्या, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

मशीन

साध्या घराला जेसीबी पुरतो, त्याचा मागचा हात चौदा-पंधरा फूट खाली जातो. त्याला आत यायला आठ-नऊ फूट रुंद रस्ता पाहिजे, गावठाणातल्या बोळात नाही जमत, तिथं मिनी पोकलेन नाहीतर माणसं. खाली पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागतो, त्याचा तासाचा रेट वेगळा आणि काम हळू, हे आधीच बोलून घ्या. सुरुंग लावतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करा, त्याला लायसन्स लागतं आणि शेजारच्या घराच्या काचांचं बिल तुम्हाला येतं.

रेट ठरवताना चार गोष्टी: डिझेल कुणाचं, येण्या-जाण्याचा वेळ धरणार का, कमीत कमी किती तासांचे पैसे, आणि मशीन बंद पडलं तर तो वेळ कुणाचा. मशीनमध्ये आवर मीटर असतो, सुरू करताना एक फोटो आणि संपताना एक फोटो, घड्याळावरून वाद नको. आणि जेसीबी दारात आल्यावर मग लाईनआऊट (जमिनीवर नकाशाची आखणी) करायला गवंडी शोधायचा, असं केलं की मशीन उभं राहतं आणि मीटर पळतो.

ओल्या काळ्या रानात जेसीबी घालू नका, रुततो, मग तो काढायला दुसरा. देशावर दिवाळीनंतर ते मे हा खोदाईचा काळ, मृगाच्या आत फुटिंग भरून निदान जमिनीच्या वर कॉलम आले पाहिजेत अशा हिशोबाने सुरू करा. कोकणात तर पावसाळ्यात खोदाईचं नावच काढू नका. तिथं वर लाल माती आणि खाली जांभा, जांभा लागला की पाया चांगला, पण जांभ्यात मध्येच पोकळ्या आणि मऊ चिकणमातीचे खिसे असतात, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा तळ पहारीने ठोकून बघायचा, कुठे बद्द वाजलं की तिथं अजून खाली जायचं. उतारावरचा प्लॉट असेल तर डोंगर कापून सपाट करायच्या मोहात पडू नका, जितकं कापाल तितकी रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, बांधावी लागते आणि ती घराएवढीच पैसे खाते.

लाईनआऊट आणि खोदाई

लाईनआऊट म्हणजे नकाशा जमिनीवर काढणं. कॉलमच्या सेंटरच्या दोऱ्या ताणायच्या, पण खुंट्या खड्ड्याच्या काठावर नाही ठोकायच्या, घराच्या बाहेर चार-पाच फूट लांब विटांच्या छोट्या बुरज्या बांधून त्यावर खिळा मारायचा. मशीन फिरलं की जवळच्या खुंट्या जातात, बुरज्या राहतात, खोदाईनंतर दोरी परत लावता येते. काटकोन बघायला गुण्यावर भागत नाही, मोठ्या मापात ३-४-५ ने बघा: एका बाजूला १२ फूट, दुसऱ्या बाजूला १६, तिरकं बरोबर २० आलं पाहिजे. मग पूर्ण घराचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच फक्की मारा, म्हणजे पांढऱ्या भुकटीने रेषा आखा.

खोदाईचा क्रम ठरवा. रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरू करून मागं मागं येत गेटकडे बाहेर पडायचं, नाहीतर मशीन स्वतःच्याच खड्ड्यांच्या आत अडकतं. आणि माती पुढच्या कॉलमच्या मार्किंगवर टाकू नका, हे सांगावं लागतं का, तर हो, लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कुठे थांबायचं. हे ऑपरेटर ठरवणार नाही, गवंडी ठरवणार नाही, तुम्ही पण ठरवणार नाही. ड्रॉइंगमध्ये पाच फूट लिहिलंय म्हणजे पाच फुटाला थांबायचं असं नसतं, त्या खोलीला डिझाईनमध्ये धरलेला थर लागला पाहिजे. नसेल लागला तर इंजिनिअरला फोन. एखाद्या खड्ड्यात लवकर लागला तरी फोन. मशीनने शेवटचे सहा इंच सोडायचे आणि ते माणसांनी कुदळीने काढायचे, कारण बकेटचे दात तळ विस्कटतात. चुकून जास्त खोल गेलं तर सुटी माती टाकून लेव्हल करायची नाही, ती जागा पीसीसीने भरायची. पैसे लागतील, लागू देत. सगळे खड्डे झाले की इंजिनिअरला तळ दाखवा, फोटो काढा, टेप धरून काढा, आणि मगच पीसीसी. खड्डे उघडे ठेवून आठ-पंधरा दिवस मुहूर्ताची वाट बघत बसू नका, तळ वाळतो किंवा भिजतो, दोन्ही वाईट. वळीव झाला आणि पाणी साठलं तर पंपाने उपसा, वरचा चिखलाचा थर खरवडून काढा, मग पीसीसी. चिखलावर काँक्रीट ओतलेलं कुणाला दिसत नाही हे खरं आहे, म्हणूनच तर ओततात.

मशीन आहेच तर सेप्टिक टँक आणि पाण्याच्या टाकीचा खड्डा त्याच दिवशी मारून घ्यावा असं वाटतं, मारा, पण ते खड्डे फुटिंगच्या अगदी कडेला आणि फुटिंगपेक्षा खोल नकोत. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान ६० फूट लांब. वास्तूवाला वायव्य म्हणेल आणि विहीर पण वायव्येला असेल, तिथं विहिरीचं ऐका.

शेजारी आणि माणसं

शेजाऱ्याच्या भिंतीला लागून खोदणार असाल तर आधी त्याच्या भिंतीचे, आधीच्या भेगांचे फोटो त्याच्यासमोर काढा. त्याच्या पायाच्या खाली जायची वेळ आली तर सलग चर मारायचा नाही, एक खड्डा, भरून वर आणा, मग एक सोडून पुढचा. जुनं दगडमातीचं बांधकाम असेल तर इंजिनिअरशिवाय हातच लावू नका.

पाच फुटांपेक्षा खोल खड्डा किंवा चर सरळ उभ्या कडांचा ठेवायचा नाही, उतार द्या नाहीतर फळ्या-बल्ल्यांचा आधार द्या. माती काठावर रचायची नाही, निदान पाच फूट लांब. काळी माती वाळली की उभी राहिल्यासारखी दिसते आणि एकदम ढासळते, आत वाकून काम करणाऱ्या माणसाला वर बघायलाही वेळ मिळत नाही. मशीन चालू असताना खड्ड्यात माणूस नको, आत उतरायला शिडी, संध्याकाळी बांबू आणि हिरवी जाळी. पावसाचं पाणी भरलेल्या पायाच्या खड्ड्यात लहान पोरं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

वरच्या तारा बघा, जेसीबीचा हात उंच उठला की पोहोचतो. खालच्या पाईप आणि केबलसाठी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस आणि महावितरणचा वायरमन, हे दोघं नकाशापेक्षा जास्त सांगतात. शहरात गॅसची लाईन असेल तर त्यांना कळवा. रस्ता किंवा फुटपाथ खोदणाऱ्यांसाठी २०२३ पासून केंद्राचं कॉल बिफोर यू डिग नावाचं ॲप पण आहे.

भरणी

फुटिंग, कॉलम जमिनीपर्यंत आले, शटरिंग निघालं, की आतली सगळी लाकडं, फळ्यांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या वेचून बाहेर. लाकूड आत राहिलं म्हणजे वाळवीला आमंत्रण. वाळवीचं औषध माती झाकली जायच्या आधी मारायचं असतं, खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना चौरस मीटरला साधारण ५ लिटर पातळ केलेलं औषध. माणूस पंप घेऊन पाच मिनिटांत शिंपडून जात असेल तर त्याने औषध मारलेलं नाही, वास मारलाय.

मुरूम सहा-सहा इंचाच्या थरात टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस (हाताने ठोकायचं जड वजन) नाहीतर प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकायचं, मग पुढचा थर. तीन फूट एकदम ओतून वरून पाणी सोडलं की बसतो, असं सांगतील, वरचा फूटभर बसतो, खालचा तुम्ही राहायला आल्यावर बसतो. कॉलमच्या चारी बाजूंनी सारखं भरत यायचं, एकाच बाजूने ढकललं तर ताजा कॉलम तिरका होतो. मुरमात डोक्याएवढे दगड असतील तर फोडून घ्या, त्यांच्याखाली पोकळी राहते.

प्लिंथ भरून झाल्यावर लगेच सोलिंगची घाई नको. छोटे बांध घालून पाणी भरून ठेवा, दोन-चार दिवस मुरू द्या, जिथं खड्डे पडतील तिथं परत मुरूम आणि परत धुम्मस, बीमच्या कडेने आणि कोपऱ्यात हमखास पडतात कारण तिथं मशीन पोहोचत नाही. पहार मारून बघा, वीतभर आत जात असेल तर अजून ठोकायला पाहिजे, आणि कॉन्ट्रॅक्टरचं भरणीचं बिल त्यानंतर.